‘ठीक’ म्हणजे नेमके किती? : ऊर्जा, कचरा आणि फझी निर्णयपद्धतीविषयी वाचकांचे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून ऊर्जा व घनकचरा यांविषयी जी पत्रे आमच्याकडे आली, त्यांपैकी पाच पत्रांत ‘फझी’ हा एकच शब्द वेगवेगळ्या निमित्तांनी आला आहे. कुठे तो सल्लागाराच्या अहवालातून आला आहे, कुठे विद्यार्थ्याच्या प्रकल्पातून, तर एका पत्रात त्याच्याविषयी उघड संशय आहे. म्हणून या वेळचे सदर त्या पाच पत्रांना दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेने एका सल्लागार संस्थेकडून अहवाल करून घेतला. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, ओल्या कचऱ्याचे खत आणि पाणीपुरवठा केंद्रावर सौर पॅनेल या तीन पर्यायांना ‘फझी एएचपी-टॉपसिस’ पद्धतीने गुण देऊन अहवालाने खताला पहिला क्रमांक दिला आहे. गुण दशांश चिन्हानंतर चार अंकांपर्यंत दिलेले आहेत. सर्वसाधारण सभेत मी विचारणा केली, तेव्हा ‘हे गणिताने आलेले आहे’ एवढेच उत्तर मिळाले. या गणितावर कितपत विश्वास ठेवावा? — नगरपरिषद सदस्या, जळगाव जिल्हा

उत्तर : आधी अहवालातील नावे सोडवून घेऊ, कारण त्यांच्या वजनानेच निम्मी सभा गप्प बसते. एएचपी ही निकषांचे महत्त्व ठरवण्याची पद्धत थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडली. तिच्यात सगळे निकष एकदम तोलायचे नसतात. दोन-दोन निकष समोर ठेवून खर्च अधिक महत्त्वाचा की दुर्गंधी, आणि असेल तर किती पटीने, असे विचारले जाते व उत्तर १ ते ९ या पट्टीवर घेतले जाते. टॉपसिस ही ह्वांग आणि यून यांची १९८१ मधील पद्धत पर्यायांचा क्रम लावते. प्रत्येक निकषावरचे सर्वांत चांगले गुण एकत्र करून तिच्यात एक आदर्श पर्याय कल्पिला जातो, सर्वांत वाईट गुण एकत्र करून एक टाकाऊ पर्याय कल्पिला जातो, आणि जो खरा पर्याय पहिल्याच्या जवळ व दुसऱ्यापासून दूर असेल त्याला वरचा क्रमांक मिळतो.

आता ‘फझी’. बाकू येथे जन्मलेले आणि बर्कलीच्या विद्यापीठात शिकवणारे लॉट्फी झादे यांनी १९६५ मध्ये फझी संचांची कल्पना मांडली. पुढे १९७० मध्ये रिचर्ड बेलमन यांच्यासह त्यांनी ती निर्णयप्रक्रियेला लावून दाखवली. कल्पना साधी आहे. एखादी गोष्ट ‘चांगली’ या संचात एकतर आहे किंवा नाही असे न म्हणता ती त्या संचात किती अंशाने आहे, हे ० ते १ च्या दरम्यान सांगायचे. व्यवहारात त्याचे सर्वांत सोपे रूप म्हणजे एका आकड्याऐवजी तीन आकडे देणे : कमीत कमी, बहुधा, आणि जास्तीत जास्त. अभियंता ‘ठीक’ म्हणाला की ५ न लिहिता ३, ५, ७ असे लिहायचे. ‘उत्तम’ म्हणाला की ७, ९, १०.

आपल्या तीन पर्यायांवर हे प्रत्यक्ष करून पाहू. पुढील गुण मी केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत आणि टॉपसिसची अंतरे बाजूला ठेवून सरळ गुणाकार व बेरीज केली आहे, जेणेकरून कोणालाही कागदावर पडताळता यावे. निकष तीन धरू : खर्च झेपणे, यंत्रणा कायम चालू राहणे, आणि गावाच्या कचऱ्याचा प्रश्न सुटणे. बायोगॅसला या क्रमाने ‘वाईट’ (१, ३, ५), ‘ठीक’ आणि ‘उत्तम’. खताला ‘चांगले’ (५, ७, ९), ‘ठीक’ आणि ‘चांगले’. सौर पॅनेलला ‘ठीक’, ‘उत्तम’ आणि कचऱ्याच्या बाबतीत अर्थातच ‘अगदी वाईट’ (०, १, ३) असे गुण देऊ.

निकषांना ०.३, ०.३ आणि ०.४ अशी वजने दिली, तर खताला ४.४ ते ८.४ हा पट्टा मिळतो व मधला आकडा ६.४ येतो, बायोगॅसला ४.० ते ७.६ व मधला ६.०, सौर पॅनेलला ३.० ते ६.३ व मधला ४.६. तिन्ही आकड्यांची सरासरी काढून एकच गुण करायचा म्हटले तर खत ६.४, बायोगॅस ५.८७ आणि सौर ४.६३. खत पहिले. आपल्या अहवालातही तेच आहे.

आता गुणांना हात न लावता फक्त वजने बदलू. कचरा डेपोला वारंवार आग लागते म्हणून सभेला कचऱ्याचाच प्रश्न सर्वांत मोठा वाटतो असे समजून ०.२, ०.२ आणि ०.६ अशी वजने द्या. बायोगॅसचा गुण ६.८ होतो, खताचा ६.६, म्हणजे बायोगॅस पहिला. उलट, आधीची यंत्रसामग्री दोन वर्षांत बंद पडल्याचा अनुभव असलेल्या मुख्याधिकाऱ्यांनी ‘कायम चालू राहणे’ यालाच ०.५ वजन दिले आणि खर्चाला ०.३, कचऱ्याला ०.२ ठेवले, तर सौर ६.१, खत ६.० आणि बायोगॅस ५.१३ असा क्रम लागतो. तज्ज्ञ तेच, गुण तेच, गणितही बिनचूक. तीन वजनांच्या तीन तऱ्हा आणि तीन वेगवेगळे पहिले क्रमांक.

म्हणून ‘हे गणिताने आलेले आहे’ हे उत्तर अपुरे आहे. गणिताने आलेली असते ती बेरीज. खर्च महत्त्वाचा की कचरा, हे कोणीतरी माणसाने ठरवलेले असते, आणि माझ्या मते ते ठरवण्याचा अधिकार सल्लागाराचा नसून आपल्या सभेचा आहे. सभेत आपण पुढच्या वेळी नेमके तीन कागद मागावेत. पहिला, वजने कोणी दिली आणि ती किती आली, याचा तक्ता. दुसरा, वजने थोडी इकडेतिकडे केल्यावर क्रम कुठे उलटतो, याची पडताळणी. तिसरा, प्रत्येक पर्यायाचा संपूर्ण पट्टा, केवळ शेवटचा आकडा नव्हे. पहिल्या उदाहरणात खताचा पट्टा ४.४ ते ८.४ आणि बायोगॅसचा ४.० ते ७.६ आहे, दोन्ही एवढे एकमेकांवर चढलेले असताना पहिला आणि दुसरा असा भेद करणे धाडसाचे आहे, आणि त्यावर चार दशांश स्थळे छापणे म्हणजे केळीचा ट्रक नजरेने तोलून वजन ग्रॅममध्ये सांगण्यासारखे आहे. धूसरपणा मान्य करण्यासाठी आणलेली पद्धत शेवटी पुन्हा खोटी अचूकता दाखवू लागली, तर ती आणली कशाला?

अहवालातील याहून मोठा दोष मला वेगळाच दिसतो. सौर पॅनेल आणि कचरा प्रक्रिया हे एकमेकांचे पर्याय नाहीतच. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा वेगवेगळा गोळा करणे आणि त्यावर प्रक्रिया करणे ही स्थानिक संस्थेची जबाबदारी ठरवली. वीजबिल कमी करणे ही इष्ट गोष्ट असली तरी ती जबाबदारी त्याने फिटत नाही. बेरजेवर चालणाऱ्या सगळ्या पद्धतींत एका निकषावरचे अपयश दुसऱ्या निकषावरच्या यशाने भरून निघते, आणि म्हणूनच वरच्या तिसऱ्या उदाहरणात कचऱ्याचा एक कणही न हलवणारा पर्याय पहिला येऊ शकला. जे बंधनकारक आहे ते गुणांच्या तक्त्यात घालू नये. ती चाळणी आधी लावावी आणि चाळणीतून जे उरेल त्याचीच तुलना करावी. सौर पॅनेलचा विचार ऊर्जेच्या वेगळ्या यादीत, पंपांची कार्यक्षमता सुधारणे आणि पथदिवे बदलणे यांच्या शेजारी करावा.

आणखी एक बाब. नीट वेगळ्या केलेल्या एक टन ओल्या कचऱ्यापासून साधारण ८० ते १०० घनमीटर बायोगॅस मिळू शकतो आणि एक घनमीटर बायोगॅस साधारण ०.४३ किलो एलपीजीचे काम करतो. म्हणजे रोज पाच टन ओला कचरा असेल तर खालच्या अंदाजानेही रोजच्या बारा घरगुती सिलिंडरांइतका वायू झाला. पण हे ‘नीट वेगळ्या केलेल्या’ या तीन शब्दांवर उभे आहे. घंटागाडीत ओला-सुका एकत्रच पडत असेल, तर बायोगॅसचे ‘उत्तम’ हे ‘वाईट’ होण्यास एक महिनाही लागत नाही. खताला मिसळलेला कचरा काही अंशी सहन होतो (खताची प्रत घसरते तो भाग वेगळा); बायोगॅसच्या टाकीला तो होत नाही. अहवालात हा निकष स्वतंत्र नसेल, तर तो घालून आकडेमोड पुन्हा करून घ्यावी.

प्रश्न : मी तीस वर्षे गणित शिकवले. ०.७ हा आकडा पाहिला की मला संभाव्यता आठवते. फझी म्हणजे संभाव्यतेलाच दिलेले नवे नाव नव्हे काय? — निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : आपली शंका जुनी आणि मानाची आहे, संभाव्यताशास्त्राच्या अनेक अभ्यासकांनी हाच आक्षेप घेतला आहे. आपल्याच भागातल्या उदाहरणाने फरक सांगतो. रावेर-सावद्याकडे केळीचा व्यापारी बागेत येऊन घड पाहतो. फळाचे कोन किती गोल झाले आहेत यावरून तो घड किती भरला, हे सांगतो, आणि माल दूरच्या बाजारात जायचा असेल तर पूर्ण भरण्याआधीच, पाऊण भरलेला असताना, कापायला लावतो. तो ‘पाऊण भरला’ म्हणतो तेव्हा घड भरलेला असण्याची शक्यता ७५ टक्के आहे असे तो म्हणत नाही. घड त्याच्या समोर आहे, त्याने हातात घेऊन पाहिला आहे, त्याला काहीही अज्ञात नाही. तरीही ‘भरला’ हा शब्द त्या घडाला पाऊणच लागू पडतो. ही फझी संचातील सदस्यता.

आता त्याच बागेत पावसाळ्यापूर्वीच्या वादळाने झाडे आडवी होण्याचा धोका ०.३ आहे असे कोणी म्हटले, तर ती संभाव्यता. हंगाम संपला की झाडे पडली किंवा पडली नाहीत, यांपैकी एक काहीतरी निश्चित होते आणि ०.३ चे काम संपते. घड मात्र कापल्यावरही पाऊणच भरलेला राहतो. संभाव्यता घटनेविषयीचे अज्ञान मोजते. फझी पद्धत शब्दाची सीमा किती पुसट आहे ते मोजते.

कचरा आणि ऊर्जेच्या नियोजनात दोन्ही लागतात, आणि गोंधळ तिथेच होतो. उन्हाळ्यात सौर पॅनेलची वीज किती घटेल, हा धूसर शब्दांचा प्रश्न नाही. सिलिकॉनचे पॅनेल त्यातील घटाचे (सेलचे) तापमान २५ अंशांच्या वर गेल्यावर दर अंशाला साधारण ०.४ टक्के क्षमता गमावते; जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात घटाचे तापमान ६५ अंशांपर्यंत गेले, तर क्षमता सुमारे १६ टक्क्यांनी कमी झाली. एवढे मोजता येत असताना तज्ज्ञाला बोलावून ‘उन्हाळ्यातील कामगिरी : ठीक’ असे लिहून घेणे हा आळस आहे. याउलट ‘लोकांचा विरोध’, ‘परिसराला होणारा त्रास’, ‘देखभाल करणारा माणूस गावात मिळणे’ या गोष्टी थर्मामीटरने मोजता येत नाहीत, आणि तिथे तीन आकड्यांची भाषा खरोखर उपयोगी पडते.

प्रश्न : आमच्या शेतकरी गटापुढे केळीचे खांब आणि कपाशीच्या पऱ्हाट्या यांचे काय करायचे हा प्रश्न आहे. ‘कृषी अवशेषांपासून ब्रिकेट’ (दाबून केलेल्या जळाऊ विटा) हा पर्याय एका फझी अभ्यासात वरच्या क्रमांकावर दाखवला गेला आहे. ब्रिकेटचे यंत्र घ्यावे का? — केळी उत्पादक, यावल तालुका

उत्तर : पऱ्हाट्यांसाठी विचार करावा; खांबांसाठी करू नये. त्यासाठी कोणतेही फझी मॉडेल लागत नाही, बारावीचे पदार्थविज्ञान पुरते.

केळीच्या ताज्या खांबात सुमारे ९० टक्के पाणी असते. १०० किलो खांब घेतला तर ९० किलो पाणी आणि १० किलो कोरडा भाग. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.२६ मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे ९० किलोंना २०० मेगाज्यूलच्या थोडे वर. कोरडा भाग जाळून किलोमागे सुमारे १५ मेगाज्यूल मिळाले, तरी एकूण १५० च होतात. खांब वाळवायलाच त्याच्यात असलेल्या ऊर्जेपेक्षा अधिक ऊर्जा लागते. उन्हात वाळवू म्हणाल, तर आपल्याकडच्या १.५ मीटर बाय १.५ मीटरच्या लागवडीत हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. तेवढे खांब पसरून, उलटेपालटे करून, पावसापासून वाचवून वाळवण्यासाठी जागा आणि मजुरी कोणाकडे आहे? खांबाचा ओलेपणा जिथे अडचण न ठरता उपयोगाचा ठरतो, अशा वाटा निवडाव्यात : तुकडे करून जागेवर कुजवणे, गांडूळखत, धागा काढणे आणि उरलेला लगदा व पाणी खतासाठी वापरणे.

पऱ्हाटीचे उलट आहे. ती वेचणी संपल्यावर शेतात उभी वाळते, तिचा उष्मांक चांगला असतो, आणि ती शेतात तशीच राहिली तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. त्यामुळे ती उपटून हलवण्याचा खर्च केवळ ब्रिकेटच्या माथी मारणे योग्य नाही; त्यातला काही भाग कीड नियंत्रणाचा आहे. अडचण हंगामाची आहे. पऱ्हाट्या वर्षातून काही महिनेच मिळतात, त्या फुगीर असतात, आणि तुकडे न करता ट्रॉलीत भरल्या तर आपण बहुतांशी हवाच वाहून नेतो. बारा महिने यंत्र चालवायचे तर साठवण लागते, आणि साठवणीत आगीची धास्ती.

त्या अभ्यासाचा दोष आता लक्षात येईल. ‘कृषी अवशेष’ असा एकच पर्याय धरून दोन अगदी भिन्न पदार्थांना एकच ‘चांगले’ दिले गेले. फझी पद्धतीत तीन आकडे असल्यामुळे असा ढोबळपणा खपून जातो, कारण पट्टा रुंद दिसला की अनिश्चितता प्रामाणिकपणे मांडली आहे असे वाटते. प्रत्यक्षात ती अनिश्चितता नव्हती, पर्यायाची व्याख्याच चुकली होती. आपल्या गटाने चार ओळींचा तक्ता करावा (खांबाचे खत, खांबाचा धागा, पऱ्हाटीचे ब्रिकेट, पऱ्हाटीचे तुकडे करून जमिनीत मिसळणे), आणि त्यात ‘वर्षातील किती महिने कच्चा माल हाताशी’ हा निकष सर्वांत वर ठेवावा. ब्रिकेट कोण घेणार, हे लेखी ठरल्याशिवाय यंत्राचा विसार देऊ नये.

प्रश्न : अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मी धुळे शहराच्या कचरा नियोजनावर फझी एएचपी वापरणार आहे. चांग यांची पद्धत घ्यावी की बकली यांची? पायथागोरियन फझी संच घेतले तर प्रकल्प अधिक वजनदार होईल का? — अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : फझी उत्तरांतून निकषांची वजने काढण्याच्या या दोन पद्धतींपैकी बकली यांची, १९८५ मधील, भूमितीय सरासरीवर आधारलेली. चांग यांची १९९६ मधील पद्धत सोपी असल्यामुळे फार वापरली जाते, परंतु वांग, लुओ आणि हुआ यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की ती महत्त्वाच्या निकषालाही शून्य वजन देऊ शकते. आपल्या तक्त्यात दुर्गंधीला शून्य आले, तर धुळेकरांना दुर्गंधीचे काहीच वाटत नाही असा त्याचा अर्थ होत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. शिवाय ज्यांची एएचपी आपण फझी करणार, त्या साटी यांनीच ट्रॅन यांच्यासह २००७ मध्ये असे करणे निरर्थक असल्याचे लिहिले होते. १ ते ९ ही पट्टी मुळातच धूसर आहे, तिला पुन्हा धूसर केल्याने उत्तर सुधारत नाही, असे त्यांचे म्हणणे. आपण त्याच्याशी सहमत असावे असे नाही, पण तोंडी परीक्षेत हा प्रश्न येईल, आणि यायलाच हवा.

संचांच्या नव्या नव्या जातींविषयी (ज्यांत सदस्यतेबरोबर असदस्यतेचा अंशही वेगळा दिला जातो) सांगायचे तर १९८६ मधील अतानासोव यांच्या इंट्युशनिस्टिक संचांपासून २०१३ मधील यागर यांच्या पायथागोरियन संचांपर्यंत प्रत्येकाला स्वतःचे काम आहे. मात्र सहा जणांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीवर ते चढवले, तर भरजरी शालू नेसवलेली प्रश्नावली एवढेच त्याचे रूप राहते. सॉफ्टवेअर म्हणून साधी स्प्रेडशीट पुरेशी आहे. वेळ वाचेल तो घंटागाडीबरोबर आठ दिवस फिरण्यात घालवावा.

इस्तंबूलसाठी काया आणि कहरामान यांनी २०१० मध्ये फझी पद्धतीने केलेल्या अभ्यासात पवनऊर्जा पहिली आली होती. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा मोठा सौर प्रकल्पही आहे, तेव्हा ‘तिथे वारा जिंकला म्हणून इथेही जिंकेल’ किंवा ‘इथे दोन्ही आहेत म्हणून दोन्ही समान’ असे काहीही परस्पर लिहू नये. वजने उसनी घेता येत नाहीत. पर्याय वाढवला वा कमी केला की टॉपसिसमधील आदर्श बदलतो आणि आधीच्या पर्यायांचा आपसांतला क्रमसुद्धा उलटू शकतो. आपल्या प्रकल्पात एक पर्याय काढून टाकून हे स्वतः करून पाहावे आणि काय झाले ते लिहावे.

प्रश्न : सातपुड्यातील पाड्यांमध्ये आम्ही महिला बचत गटांबरोबर काम करतो. चूल, बायोगॅस, सौर दिवे, सौर पंप यांपैकी आधी काय, यासाठी ‘तज्ज्ञांची मते’ घेतली जातात. त्या तज्ज्ञांत पाड्यावरची एकही बाई नसते. फझी पद्धतीत तिचे मत घेता येते का? — कार्यकर्ती, नंदुरबार जिल्हा

उत्तर : येते, आणि खरे तर ही पद्धत ज्यासाठी निघाली त्याच्या ते अधिक जवळ जाते. शब्दांत उत्तर देणाऱ्या माणसाला आकडा देण्याची सक्ती नको, हीच तर तिच्या मुळाशी असलेली कल्पना. पण दोन ठिकाणी जपावे लागेल.

पहिले ठिकाण शब्दांचे. ‘कमी, ठीक, चांगले, उत्तम’ ही प्रमाण मराठीतील उतरंड पावरी किंवा भिली बोलणाऱ्या बाईच्या मनात त्याच अंतरांवर असेल असे गृहीत धरू नये. अहिराणी बोलणाऱ्यांतसुद्धा एखाद्या गोष्टीला ‘बरं’ म्हणण्यात किती समाधान आणि किती संकोच आहे, हे बोलणारा आणि ऐकणारा यांच्या नात्यावर ठरते. पाहुण्या अधिकाऱ्यापुढे सगळेच बरे असते. म्हणून छापील पट्टी वापरण्याऐवजी तुरीचे किंवा मक्याचे दहा दाणे द्यावेत आणि जळण आणायला लागणारा वेळ, धूर, रात्रीचा उजेड, शेताला पाणी यांच्या चित्रांवर ते वाटायला सांगावेत. तीच वजने. मग प्रत्येक चित्रासाठी ‘याहून कमी चालणार नाही असे किती दाणे’ आणि ‘फार तर किती’ असे विचारले की तीन आकडे आपोआप मिळतात, आणि ते त्या बाईचे स्वतःचे असतात. हा खेळ एकदा बायकांबरोबर आणि एकदा पुरुषांबरोबर वेगळा करावा. पुरुषांचे दाणे पंपाकडे आणि बायकांचे जळण व धुराकडे वळण्याचा संभव बराच आहे.

दुसरे ठिकाण सरासरीचे. समजा, एका पर्यायाला सहा जणींनी ‘उत्तम’ आणि सहा जणींनी ‘वाईट’ म्हटले. ७, ९, १० आणि १, ३, ५ यांची सरासरी ४, ६, ७.५ येते, म्हणजे ‘ठीक’च्या जरा वर. बारा जणींपैकी एकीनेही ‘ठीक’ म्हटलेले नाही, आणि अहवालात मात्र तेच छापले जाते. बायोगॅसच्या बाबतीत हे हमखास घडते : ज्या घरी चार गुरे आणि जवळ पाणी आहे तिला तो उत्तम, जिच्याकडे दोन शेळ्या आहेत आणि पाणी टेकडीखालून आणायचे आहे तिला तो निरुपयोगी. इथे सरासरी काढणे म्हणजे दोघींनाही चुकीचे उत्तर देणे. उत्तरे अशी दोन टोकांना गेली की एक क्रम लावूच नये; गुरे असलेल्या घरांचा एक तक्ता आणि नसलेल्यांचा दुसरा, असे दोन तक्ते करून दोन वेगळे क्रम ग्रामसभेपुढे ठेवावेत. आदिवासी भागातील पेसा कायद्याने, १९९६ पासून, ग्रामसभेला जे स्थान दिले आहे ते पाहता तक्त्यावरची वजने तिच्यासमोर वाचून दाखवणे आणि ठरावात नोंदवणे अवघड नसावे.

दाण्यांचे फोटो मात्र त्याच वेळी काढून ठेवावेत. नंतर कार्यालयात बसून आकडे भरताना प्रत्येकालाच आपले म्हणणे आठवते, तिचे नाही.